टाचेखालचा सोल: राजगडाच्या वाटांसाठी पादत्राणाची रचना

चालताना सर्वांत आधी जमिनीला टेकते ती टाच. पायातल्या २६ हाडांपैकी सर्वांत मोठे हाड तिचेच, आणि त्याच्या खाली चरबीची जाड गादी असते. ही चरबी मोकळी नसते. तंतूंच्या भिंतींनी बनलेल्या बारीक बारीक कप्प्यांत ती कोंडलेली असते. अंगाचा भार आला की ती बाजूंना पसरू पाहते, कप्पे तिला अडवतात, आणि या ओढाताणीत धक्क्याचा बराच भाग जिरून जातो. मोठ्या माणसात या गादीची जाडी साधारण दीड ते दोन सेंटिमीटर भरते. चाळिशीनंतर तिचा लवचीकपणा हळूहळू कमी होतो, कप्पे सैलावतात आणि भार पडताच चरबी कडेला सरकते. म्हणून टाचेसाठी सोल बनवताना पहिले काम आहे ते अंगच्या या गादीला हाडाखाली धरून ठेवण्याचे. वरून आणखी मऊपणा देण्याचा विचार त्यानंतर करावा. बाजारात मिळणारे बरेचसे 'सॉफ्ट' जोडे नेमके इथेच चुकतात. त्यांत मऊपणा भरपूर असतो, पण टाचेला दोन्ही कडांनी धरणारे काही नसते.

सपाट जमिनीवर चालताना एका पायावर येणारा भार शरीराच्या वजनापेक्षा थोडासाच जास्त, म्हणजे साधारण १.१ ते १.२ पट असतो. पायऱ्या उतरताना तो दीड पटीच्या आसपास जातो आणि धावताना दोन ते तीन पट होतो. ७० किलो वजनाचा माणूस पाठीवर १५ किलोचे ओझे घेऊन पायऱ्यांची वाट उतरत असेल, तर दर पावलाला सव्वाशे किलोच्या घरात भार एका पायावर येतो. टाच आधी टेकवून उतरणाऱ्याच्या बाबतीत यातला पहिला दणका टाचेलाच बसतो.

गुंजवण्याची वाट अशा सोलची चांगली परीक्षा घेते. वेल्हे, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यातले गुंजवणे हे गाव गुंजन मावळात राजगडाच्या पायथ्याशी वसले आहे. नसरापूर फाट्यावरून मार्गासनी, साखर करत येणारे ट्रेकर इथूनच चढाईला लागतात. आधी मुरमाड सोंड, मग झाडीचा पट्टा, आणि शेवटी रेलिंग लावलेला कातळटप्पा चढून चोरदरवाजातून पद्मावती माचीवर पोचता येते. जून ते सप्टेंबर या काळात हाच कातळ ओला आणि शेवाळलेला असतो, सोंडेवरच्या तांबड्या मातीचा चिखल होतो. पाऊस सरला की मुरूम सुटतो आणि उतारावर घसारा तयार होतो. पाली बाजूची पायऱ्यांची वाट सोपी मानली जाते, पण उतरताना टाचेवर बसणारे ठोके तिथे एकसारखे आणि जास्त असतात. या वाटांवर येणारे पायही एकसारखे नाहीत. भातखाचरात अनवाणी वावरून रुंद झालेले शेतकऱ्याचे पाय, माचीवर ताक-सरबत विकायला पाणी-सामान वाहून नेणाऱ्यांचे पाय, आणि आठवडाभर खुर्चीत बसून रविवारी गड चढणाऱ्यांचे पाय, या तिघांना एकच सोल पुरेसा पडत नाही. रचनेची तत्त्वे मात्र तीच राहतात.

सोलचे तीन थर वेगवेगळे विचारात घ्यावेत. पायाला लागून असलेला आतला पत्रा, मधला धक्का झेलणारा थर, आणि जमिनीला लागणारा रबरी तळ. टाचेच्या दृष्टीने सर्वांत जास्त विचार मधल्या थराचा करावा लागतो. त्यासाठी आज बहुधा ईव्हीए फोम किंवा पॉलीयुरेथेन, म्हणजे पीयू, वापरतात. ईव्हीए हलका असतो, शीटमध्ये मिळतो, कापता आणि ग्राइंडरवर घासता येतो, गरम करून फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, दाबला तर आकार घेतो. लहान कारागिराच्या हाताला तोच सोयीचा. त्याचा दोष असा की सतत दबून तो 'बसतो', म्हणजे त्यातले हवेचे बारीक फुगे चेपतात आणि थर परत फुगत नाही. पीयू जास्त टिकाऊ वाटतो आणि लवकर बसत नाही, पण त्याला दमट हवा सोसत नाही. हवेतल्या बाष्पाने त्याची रासायनिक बांधणी तुटते, आणि कपाटात पाच-सहा वर्षे पडून असलेल्या बुटाचा सोल पहिल्याच ट्रेकला चुरा होऊन गळून पडतो. बूट न वापरता ठेवल्याने टिकतो हा समज पीयूच्या बाबतीत उलटा ठरतो. चार महिने भिंतींना ओल धरणाऱ्या मावळ पट्ट्यासाठी पादत्राण बनवायचे असेल, तर मधला थर ईव्हीएचाच घ्यावा. एखाद्या वर्षानंतर तो बदलावा लागला तरी वाटेत दगा देत नाही.

फोम किती मऊ हवा, हा प्रश्न जाडीच्या जोडीने सोडवावा लागतो. फार मऊ फोम भाराखाली तळाला जाऊन टेकतो, मग त्याचा उपयोग संपतो आणि टाच जणू थेट दगडावर आदळते. फार कठीण फोम दबतच नाही. रबराची कठीणता 'शोअर ए' मापात आणि फोमची बहुधा 'आस्कर सी' मापात मोजतात. चालण्याच्या व डोंगरातल्या बुटांचा मधला थर साधारण ४५ ते ६० आस्कर सी इतका ठेवला जातो. मापन यंत्र नसले तरी अंदाज घेता येतो. फोमचा टाचेएवढा तुकडा कापावा, तो फरशीवर ठेवून एका टाचेवर पूर्ण भार देऊन उभे राहावे आणि दुसऱ्या माणसाने कडेने पट्टी लावून जाडी पाहावी. मूळ जाडीच्या पाव ते एक तृतीयांश इतका तो दबला तर योग्य समजावा. निम्म्याहून जास्त दबला तर उतारावरच्या जादा भारासाठी त्यात काही शिल्लक राहत नाही. तुकडा टाचेपेक्षा लहान घेऊ नये, नाहीतर फोम आहे त्यापेक्षा मऊ भासतो. बसण्याची परीक्षा वेगळी घ्यावी. तोच तुकडा जड वजनाखाली रात्रभर ठेवावा, सकाळी वजन काढून तासाभराने जाडी मोजावी. एक दशांशाहून जास्त जाडी गेलेली असेल, तर ती शीट टाचेखाली वापरू नये.

मऊपणाची हौस अतिरेकाला गेली की आणखी एक नुकसान होते. लुसलुशीत सोलवर चालणे म्हणजे चिखलणी केलेल्या खाचरातून चालण्यासारखे असते. प्रत्येक पाऊल सावरायला घोट्याभोवतीचे स्नायू राबत राहतात आणि तासाभरात पोटऱ्या भरून येतात. टाचेखालची एकूण उंची, म्हणजे तिन्ही थर मिळून, २५ ते ३० मिलिमीटरपर्यंत ठेवावी. त्याहून उंच सोल सपाट रस्त्यावर सुखद वाटतो. खाली-वर दगडांच्या वाटेवर मात्र पाय जितका उंच तितका घोटा मुरगळण्याचा धोका मोठा.

आता आकार. टाचेची गादी जागेवर धरणारा भाग म्हणजे टाचेभोवतीची वाटी. आतल्या पत्र्याचा मागचा भाग सपाट न ठेवता त्याच्या तिन्ही कडा वर उचललेल्या असाव्यात. १२ ते १८ मिलिमीटर खोली बहुतेक पायांना मानवते. वाटी फार अरुंद झाली तर कड मांसात रुतते, रुंद झाली तर धरण्याचे काम होत नाही. यासाठी पायाचे माप उभे राहून, अंगाचा पूर्ण भार देऊन घ्यावे. बसून घेतलेल्या मापात टाच काही मिलिमीटर अरुंद भरते. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि उतारावरून परतताना ते तसेच असतात. ओल्या पायाचा ठसा कोऱ्या कागदावर किंवा कोरड्या कोब्यावर उमटवून त्याची बाह्यरेषा काढली, तर टाचेची रुंदी, कमानीची उंची आणि भार कुठल्या कडेला जास्त येतो हे तिन्ही कळते.

कोल्हापुरी चपलेत ही वाटी वापरातून आपोआप तयार होते. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या म्हशीच्या कातड्याचा तळ सुरुवातीला कठीण असतो, मग काही आठवड्यांत टाचेच्या आकाराने खचतो आणि पायाला धरू लागतो. जुनी कोल्हापुरी पायाला गोड लागते ती यामुळे. धक्का झेलण्याची ताकद मात्र त्या कातड्यात फारशी नसते, आणि भिजून वाळले की ते आणखी कडक होते. त्यामुळे पावसाळी डोंगरवाटेसाठी ती रचना जशीच्या तशी घेता येत नाही. वापरातून आकार घेणारा वरचा थर आणि त्याखाली सहजी न बसणारा थर ही जोडणी मात्र घेण्यासारखी आहे. तीन-चार मिलिमीटरचा मऊ पत्रा वर आणि जास्त घट्ट ईव्हीए खाली, असे केले की दोन्ही गुण एकत्र येतात.

वाटीला मागून आधार देतो तो बुटाच्या टाचेमागचा ताठ भाग, कारागीर ज्याला काउंटर म्हणतात. बूट हातात धरून टाचेमागे अंगठ्याने दाबले असता तो भाग मुळीच आत जाता कामा नये. जो जातो त्या बुटात सोल कितीही चांगला असला तरी टाच डोलत राहते. चपलेत किंवा सँडलमध्ये काउंटर नसतो, म्हणून मागचा पट्टा आवश्यक ठरतो. मागे पट्टा नसलेली चप्पल उतारावर टाचेपासून सुटते, दर पावलाला टाच कडेवर आपटते आणि चप्पल सांभाळण्यासाठी बोटे आवळून धरावी लागतात. लांब उतारानंतर तळव्यात येणारे गोळे बऱ्याचदा याच आवळण्याचे असतात.

टाच पंजापेक्षा किती उंच ठेवावी, यावर कारागिरांत मतभेद होतात, आणि दोन्ही बाजूंना कारण आहे. चढताना उंच टाच पोटरीचा ताण कमी करते. उतरताना तीच उंची पाय पुढे ढकलते, बोटे बुटाच्या टोकावर आदळतात आणि नखे काळी पडतात. राजगडासारख्या, चढ आणि उतार दोन्ही तीव्र असलेल्या वाटेसाठी ६ ते १० मिलिमीटरचा फरक योग्य. टाचदुखी असलेल्याने दहाकडे झुकावे, कारण टाच किंचित उंच राहिली की पोटरी आणि टाचेमागच्या शिरेची ओढ कमी होते.

तळाची मागची कड थोडी तासून वर उचललेली ठेवावी. बहुतेकांचे पाऊल टाचेच्या मागच्या-बाहेरच्या कोपऱ्यावर पडते. तिथे चौकोनी धार असेल तर पाय पुढे फटकन आपटतो, गोलाई असेल तर तो लोळत खाली येतो. तळाची रुंदी टाचेपेक्षा प्रत्येक बाजूला तीन ते पाच मिलिमीटर जास्त ठेवली की स्थैर्य येते. त्याहून जास्त पसरवलेला तळ दिसायला भरभक्कम वाटतो, पण दगडावर त्याची कड टेकली की तीच कड तरफेसारखी घोट्याला पिळते. माणसाचा जुना जोडा इथे कोणत्याही यंत्राइतका उपयोगी पडतो. बाहेरची मागची कड झिजलेली असेल तर चाल सामान्य आहे. आतली कड झिजलेली असेल तर पाऊल आत कलते, आणि अशा पायासाठी टाचेखालच्या आतल्या अर्ध्या भागात थोडा कठीण फोम बसवावा.

टाच आणि कमान यांच्यामधला सोल वाकू नये. दोन्ही हातांनी बूट पिळून पाहावा. तो पंजाच्या जोडापाशी वाकायला हवा, मध्यभागी वाकला किंवा सहज पिळला गेला तर कमानीखाली प्लास्टिकची ताठ पट्टी घालावी लागते. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत जाणारा तळव्याचा जाड पडदा दर पावलाला ताणला जातो, आणि त्याच्या टाचेकडच्या टोकाला सूज आली की सकाळचे पहिले पाऊल टाकणे नकोसे होते. या पडद्यावरचा ताण कमी करण्यात सोलचा ताठपणा फोमइतकेच काम करतो.

जमिनीला लागणाऱ्या रबराबद्दल सह्याद्रीत बरेच गैरसमज आहेत. खोल खाचांचा सोल सगळीकडे पकडतो असे मानले जाते. मिलानच्या व्हिताले ब्रामानी यांनी १९३५ च्या आल्प्समधल्या अपघातात सहा सोबती गमावल्यावर खिळ्यांच्या बुटांऐवजी रबरी ठोकळ्यांचा सोल बनवला. १९३७ मध्ये तो आला आणि आजचे बहुतेक ट्रेकिंग सोल त्याच वंशातले आहेत. ते ठोकळे माती, बर्फ आणि सुटा खडा यांसाठी उत्तम. ओल्या काळ्या कातळावर मात्र पकड येते ती रबर दगडाला किती जागी टेकते आणि ते किती मऊ आहे यावरून. टोकदार, विरळ ठोकळे तिथे घसरतात. कठीण रबर झिजत नाही पण निसटते, मऊ रबर धरते पण लवकर झिजते. गुंजवण्याच्या वाटेवर माती, मुरूम आणि कातळ तिन्ही असल्याने ठोकळे ४ ते ५ मिलिमीटर खोल, माथ्याला सपाट आणि रुंद असावेत. त्यांच्यात चिखल अडकून राहणार नाही इतकी मोकळी जागा हवी. रबराची कठीणता ५५ ते ६५ शोअर ए असावी. टाचेखालच्या ठोकळ्यांची दिशा पुढच्यांच्या उलट ठेवावी आणि टाचेच्या पुढे कमानीकडे जाताना तळात स्पष्ट पायरी ठेवावी. घसाऱ्यावर टाच रोवून उतरताना तीच पायरी ब्रेकचे काम करते. जाड शेवाळावर कोणतेही रबर विश्वासाचे नसते. तिथे वाट बदलावी किंवा रेलिंग धरावे, सोलवर भिस्त ठेवू नये.

कमी खर्चात टिकाऊ जोडा हवा असेल तर टायरच्या चपलेपासून सुरुवात करणे सर्वांत शहाणपणाचे. ट्रकच्या टायरचा तळ वर्षानुवर्षे झिजत नाही. उणीव इतकीच की तो धक्का मुळीच झेलत नाही. कठीण तळ आणि मऊ थर यांचा मेळ फार पूर्वी घातला गेला आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायांसाठी चपला घडवल्या. त्यांत पायाखाली एमसीआर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांचे मऊ रबर, आणि त्याखाली कठीण तळ असतो. देशभरच्या कुष्ठरोग कार्यक्रमांतून अशा चपला रुग्णांना मिळत आल्या, आणि आज मधुमेहींसाठीही तेच एमसीआर सुचवले जाते. त्याची कठीणता साधारण १५ ते २० शोअर ए असते. शेतात आणि डोंगरात वावरणाऱ्यासाठी टायरच्या तळावर ६ ते ८ मिलिमीटर ईव्हीए, टाचेखाली मागे जाड आणि पुढे निमुळती होत जाणारी ईव्हीएची पाचर, तिच्या वर ४ ते ६ मिलिमीटर एमसीआर आणि मागे पट्टा, अशी रचना गावच्या कारागिरालाही जमते. टायर हा तळ म्हणून निवडताना गोटा झालेला तुकडा घेऊ नये, नक्षी शिल्लक असलेला घ्यावा.

या चपलेत खिळे मारू नयेत. फोम दबला की खिळ्याचे डोके वर येते, आणि मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बधिर झालेल्या पायाला ते टोचल्याचे कळतही नाही. जखम चिघळून बोट किंवा पाय गमावण्यापर्यंत वेळ येऊ शकते. थर चिकटवून कडेने शिवावेत. चिकटवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग घासून खडबडीत करावेत, धूळ पूर्ण झटकावी, सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे आणि मग एकदाच नेमके बसवून ठोकावे. पावसाळी हवेत हे थांबणे लांबते. तिथे घाई केलेला जोड पहिल्या ओढ्यातच सुटतो. कडेची शिलाई हा त्यावरचा दुसरा बंदोबस्त असल्याने ट्रेकिंगच्या बुटाच्या सोललाही नवा असतानाच चांभाराकडून कडेने टाके घालून घ्यावेत.

फर्मा निवडतानाही पाय पाहावा. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशातल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली आणि त्यावरून 'भा' ही भारतीय मापपद्धती मांडली. भारतीय पाऊल युरोपीय मापांच्या मानाने रुंद असल्याचे त्यातून दिसले. अरुंद फर्म्यावरच्या बुटात रुंद पाय घालायचा तर लोक एक नंबर मोठा घेतात. मग पंजा बसतो पण टाच मागे सैल राहते, आणि वाटी, काउंटर, पाचर सगळे फुकट जाते. लांबी नेमकी ठेवून रुंदी वाढवलेला फर्माच अशा पायाला न्याय देतो.

टाच आधीच दुखत असेल तर सोलमध्ये हाडाखाली भोक पाडून मोकळी जागा ठेवण्याची पद्धत आहे. भोक धारदार कडांचे ठेवले तर भार कडांवर येऊन दुखणे वाढते. म्हणून तिथे फोम पूर्ण कापून न काढता मऊ तुकडा बसवावा आणि कडा तिरक्या घासाव्यात. दोन्ही पायांच्या सोलमध्ये सारखी उंची ठेवावी, नाहीतर कंबर धरते. काही आठवड्यांत फरक पडला नाही, रात्री झोपेतही टाच दुखू लागली किंवा पाय बधिर झाला, तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे.

नवा जोडा थेट गडावर नेऊ नये. आधी गावात किंवा घराजवळ आठवडाभर वापरावा, मग पायऱ्यांवर, मग ओझे घेऊन. प्रत्येक वेळी उतरल्यावर टाचेची कातडी पाहावी. लाल वळ वाटीच्या कडेला असेल तर कड घासावी, टाचेच्या मध्यावर असेल तर फोम तळाला टेकतो आहे असे समजून वरचा थर बदलावा. ईव्हीएच्या सोलवर आडव्या सुरकुत्या दिसू लागल्या, टाचेकडची जाडी पंजाच्या मानाने कमी दिसली, किंवा बूट टेबलावर ठेवल्यावर मागे एका बाजूला कलला, की मधला थर संपला आहे. धावण्याच्या बुटांसाठी सुमारे ५०० ते ८०० किलोमीटर हे आयुष्य धरतात. ओझ्यासह डोंगर चढणाऱ्याने त्याहून लवकर तपासायला लागावे. भिजलेला जोडा चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये. आतला पत्रा काढून, आत कागद कोंबून, वारा लागेल अशा सावलीत ठेवला की फोम आणि सोल्यूशन दोन्ही जास्त काळ टिकतात.